कळवलं, असं मी लिहिलं होतं

मतदानाच्या दिवशी बीएलओ मतदान केंद्राच्या आत बसत नाही. हे बहुतेकांना माहीत नसतं. यादी हिची, गाव हिचं, म्हणजे हीच मशीनपाशी बसत असेल असं लोकांना वाटतं. आत बसतात ते आदल्या दिवशी मशीन घेऊन आलेले बाहेरगावचे कर्मचारी. आम्ही बाहेर, शाळेच्या फाटकाजवळ, एका टेबलामागे. समोर मतदार यादी, तीच नावं अक्षरक्रमानं लावलेली दुसरी यादी, पेन, पट्टी, पाण्याची बाटली. माणूस आला की त्याचं नाव शोधायचं, अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि आत पाठवायचं. पंधराएक वर्षं मी हे काम केलं. माझ्या यादीतल्या एकाही माणसाला मी मत देताना पाहिलेलं नाही.

बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. त्यातला ‘अधिकारी’ फक्त कागदावर. मी अंगणवाडी सेविका आहे. आमचं गाव सेलू तालुक्यात, हिंगणीच्या रस्त्याला. सकाळी मुलांची वजनं आणि गरोदर बायांच्या नोंदी, दुपारनंतर मतदार यादी. नवीन नाव घालायचं तर सहा नंबरचा फॉर्म, कमी करायचं तर सात, पत्ता किंवा चूक दुरुस्त करायची तर आठ. आधी हे कागदावर होतं, मग मोबाईलच्या अ‍ॅपवर आलं. माझ्या बरोबरीच्या काही जणी या कामाला रडत असत. मी रडले नाही. मला याद्या आवडतात. घरी किराण्याची यादीसुद्धा मी दुकानाच्या मांडणीप्रमाणे करते, म्हणजे दुकानदाराला मागं-पुढं करावं लागत नाही. आमचे हे म्हणतात, ‘हिले जत्रेत सोडलं त ही लोकायले नंबर देत फिरन.’

सरकारी यादीत घर क्रमांक, नाव, वय एवढंच असतं. माझ्या वहीत आणखी एक रकाना होता. त्याचं नाव ‘कोणाचं ऐकतात’. मतदान वाढवायचं तर भिंतीवर घोषणा लिहून आणि शाळेच्या मुलांची फेरी काढून फारसं काही होत नाही, हे मला पहिल्या दोन निवडणुकांतच कळलं. प्रत्येक घर कोणातरी एकाचं ऐकतं, आणि तो एक बहुधा त्या घरात राहत नाही. बायको सांगून थकते, मुलगा सांगून थकतो, पण आर्वीहून मोठ्या बहिणीचा फोन आला की माणूस चप्पल शोधायला लागतो. तो फोन कोणाचा, हे शोधणं म्हणजे माझं अर्धं काम.

आमचे रामभाऊ किराणावाले. मतदानाच्या दिवशी गिऱ्हाईक जास्त, म्हणून दुकान सोडायचे नाहीत. दोन वेळा त्यांनी मत दिलं नाही, आणि ते सांगतानाही त्यांना काही वाटत नसे. त्यांची मुलगी पुलगावला दिली आहे. मी तिला आदल्या दिवशी फोन केला. तिनं सकाळी दहाला बापाला व्हिडिओ कॉल लावला आणि बोट दाखवा म्हणाली. बोट कोरं. तिनं फोन ठेवलाच नाही. रामभाऊंनी अर्धं शटर ओढलं, आले, मत दिलं आणि परत जाताना माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाले, ‘माह्या घरात तुमचा मानूस कोन हाय, ते समजलं मले.’ पुढच्या वेळी त्यांना फोन करावा लागला नाही.

व्हॉट्सअ‍ॅप आलं तेव्हा मी सर्वांत आधी प्रत्येक गल्लीचा वेगळा ग्रुप केला. सगळ्या गावाचा एकच ग्रुप केला तर तो महिनाभरात फुलं आणि सुविचारांनी भरतो. माझ्या ग्रुपचे नियम तीन होते. यादीचं काम, मतदानाची माहिती, आणि पक्षाचं काहीही नाही. बीएलओनं कोणाला मत द्या असं म्हणायचं नसतं, सुचवायचंही नसतं. एकदा आमच्या धाकट्या दिरानं ग्रुपवर एका पक्षाचं चिन्ह टाकलं. मी मिनिटाच्या आत त्याला काढून टाकलं. तो दोन महिने मला वहिनी म्हणाला नाही. जेवायला बसला की म्हणायचा, ‘आयोगबाई, भाजी वाढा.’

बाहेरगावी कामाला गेलेल्यांची माझी यादी वेगळी. पुण्याकडे, नागपूरला, बुटीबोरीला. त्यांना मेसेज पाठवून उपयोग नसतो, मेसेज त्यांना सगळेच पाठवतात. मी त्यांच्या आयांकडे जाऊन माझ्या फोनवर त्यांचा आवाज भरून घेत असे आणि तो पाठवत असे. एका बाईला मी सांगितलं, मतदानाला ये एवढंच बोला. तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, ‘मतदान कर का नोको करू, पन दोन दिस येऊन जाय बापा.’ मी तो तसाच पाठवला. मुलगा आला. मत देऊन दुसऱ्या दिवशी गेला. मी वहीत खूण केली आणि पुढच्या नावाकडे वळले. तो मत द्यायला आला की आईला भेटायला, हा प्रश्न माझ्या वहीत बसणारा नव्हता.

आमच्या केंद्राचं मतदान वाढलं. तालुक्याच्या बैठकीत माझ्या पद्धतीबद्दल मला उभं राहून बोलायला लावलं. मी वही दाखवली, रकाने समजावून सांगितले. त्यात शेवटचा रकाना होता ‘कळवलं’. मेसेज गेला, दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे समोरच्यानं वाचला, की मी त्या रकान्यात बरोबरची खूण करायची. साहेब म्हणाले, असं काम पाहिजे. मलाही तसंच वाटत होतं. पारबताबाईची गोष्ट यानंतरच्या लोकसभेची.

पंच्याऐंशी वर्षांवरच्या मतदारांना घरूनच मत देता येतं, ही सोय तेव्हा आमच्याकडे नवीन होती. त्यासाठी बारा-ड नावाचा फॉर्म असतो. तो बीएलओनं घरोघरी नेऊन द्यायचा आणि मतदाराला हवं असेल तर भरून, सही घेऊन परत आणायचा. मग ठरलेल्या दिवशी कर्मचाऱ्यांची टीम घरी येते, कापडाचा आडोसा करते, मतपत्रिका देते, सगळ्याचं चित्रीकरण होतं. मतदार घरी सापडला नाही तर टीम आणखी एकदा येते. तिसऱ्यांदा येत नाही. आणि एक गोष्ट महत्त्वाची. ज्यानं बारा-ड भरला, त्याच्या नावापुढं यादीत टपाली मताची खूण होते. त्याला मग केंद्रावर मत देता येत नाही. कोणी दोनदा मत देऊ नये म्हणून तो नियम आहे, आणि नियम बरोबर आहे.

माझ्या यादीत पंच्याऐंशीच्या वर चौदा जण होते. मी दोन दिवसांत चौदाही घरं करायची ठरवली. पारबताबाईचं घर पहिल्या दिवशी तिसरं होतं. ती बौद्ध मोहल्ल्यातली, यादीप्रमाणे वय अठ्ठ्याऐंशी. नवरा जाऊन कैक वर्षं झालेली. मुलगाही गेला. घरात सून आणि नातू सुमेध. तो बुटीबोरीच्या एका कारखान्यात पाळीनं जायचा, आणि घरात व्हॉट्सअ‍ॅपचा फोन त्याच्याकडेच होता. म्हातारी ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की आजी, यावेळी शाळेत यायचं काम नाही, लोक घरीच येतील, तुम्हाला ऊन नको आणि रांग नको.

तिनं मान वर करून एकच विचारलं, ‘सही लागते का?’

हो, सही लागते, मी म्हटलं.

तिनं सूप बाजूला केलं. उठली, हात धुतले, पदराला पुसले. सुनेला पाट मागितला. कागद पाटावर ठेवला, पेनाचं टोपण काढून सुनेच्या हातात दिलं, आणि एकेक अक्षर तोंडानं म्हणत लिहायला लागली. पा. र. ब. ता. मग नवऱ्याचं नाव. मग आडनाव. चार-पाच मिनिटं लागली असतील. मला अजून चार घरं करून बालकांचा आहार वाटायला परतायचं होतं. मी घड्याळ पाहिलं, हे मला नीट आठवतं. लिहून झाल्यावर तिनं कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाली, ‘आनखी कुठं करू?’

बस, एवढीच, असं म्हणून मी कागद घडी न करता फायलीत ठेवला आणि निघाले.

टीम यायचा दिवस ठरला. मी सुमेधला मेसेज पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. ‘कळवलं’मध्ये बरोबरची खूण. त्या दिवशी टीम गेली तेव्हा घराला कुलूप होतं. मला वाटलं, सून शेतात गेली असेल, म्हातारी शेजारी कुठं बसली असेल. तीन दिवसांनी दुसरी भेट ठरली. मी पुन्हा मेसेज केला. पुन्हा निळ्या खुणा. त्या दिवशी मी सेलूला प्रशिक्षणात होते. टीमला सून भेटली. तिनं सांगितलं, सासूबाई हिंगणीला लेकीकडे गेल्या आहेत, नातीचं बाळंतपण आहे. टीमनं ‘अनुपस्थित’ लिहिलं, सुनेची सही घेतली आणि गेली. मला फोन आला तोवर गाडी पुढच्या गावात पोचली होती.

संध्याकाळी सुमेधशी बोलणं झालं. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं की मेसेज वाचला होता ना. तो म्हणाला, ‘वाचला ना ताई. पन मले वाटलं, तो साऱ्याइसाठी हाय.’

मी फोन काढून ते मेसेज पुन्हा पाहिले. वर हिरवी पट्टी, त्याखाली मतदान जागृतीच्या दोन ओळी, मग तारीख, मग टीम येणार असल्याची ओळ. नाव नव्हतं. गल्लीच्या ग्रुपवर मी रोज टाकत होते ते आणि हे दिसायला अगदी सारखे होते. मीच तो साचा बनवला होता, वेळ वाचावा म्हणून. महिनाभर रोज आठ-दहा मेसेज वाचणारा मुलगा अकरावा कसा वेगळा धरणार. माझ्या मेसेजकडे त्याचं लक्ष जाणंच बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर विचारलं. ज्यांचं घरून मत राहिलं त्यांचं काय. उत्तर अपेक्षित होतं तेच मिळालं. खूण झाली आहे, आता काही होत नाही. तेव्हा मी हिंगणीला जाऊन म्हातारीला सांगायला हवं होतं. आमच्या गावाहून हिंगणी काही लांब नाही, एसटीनं अर्धा तास. मी गेले नाही. मनाशी म्हटलं, ती तिकडंच आहे, बाळंतपण आहे, मतदानाला कशाला येते. आणि तिचं नाव ‘बाहेरगावी’ या यादीत टाकलं. त्या यादीत टाकलं की त्या नावाचं काम संपायचं.

मतदानाच्या दिवशी साडेनऊच्या सुमारास फाटकाशी ऑटो थांबला. आधी तिची लेक विमल उतरली, मग तिनं हात देऊन म्हातारीला उतरवलं. पांढरं, परीटघडीचं लुगडं. पायात चपला. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत मतदार ओळखपत्र. ती सरळ माझ्या टेबलाशी आली आणि हात पुढे केला.

‘दे व पोरी चिठ्ठी.’

मी यादी उघडली. उघडायची गरज नव्हती. रांगेतली चार-सहा माणसं ऐकत होती. मी कार्यालयात बोलतात तशा भाषेत बोलायला लागले. तुमचा बारा-ड मंजूर झाला होता, टीम दोनदा येऊन गेली. तिला त्यातलं काही समजत नव्हतं. मग मी नीट म्हटलं, आजी, तुमचं मत यावेळी घरून होतं.

‘घरून कवा झालं?’

झालं नाही. तुम्ही हिंगणीला होतात.

‘मंग आता इथं करतो ना.’

इथं आता होत नाही आजी. तुम्ही त्या दिवशी सही केली होती, त्या कागदानं इथलं बंद झालं.

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. हिशोब जुळत नसला की माणूस पाहतो तसं. मग म्हणाली, ‘घरी नाई झालं, इथं होत नाई. मंग माहं मत हाय कुठं?’

मी यादी मिटली.

विमल तिला घेऊन आत गेली. केंद्राध्यक्ष सज्जन होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, यादीतली खूण दाखवली, नियम समजावून सांगितला. पाच-सात मिनिटांनी दोघी बाहेर आल्या. म्हातारी ऑटोत जाऊन बसली. विमल माझ्याकडे आली. मला वाटलं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, ‘बाई, आत माह्या मायनं त्या साहेबाले काय म्हटलं, सांगू? म्हने, मत नोको घेऊ बापा, पन सही त करू दे.’

मला समजलं नाही. तेव्हा विमलनं सांगितलं.

मतदान करणाऱ्याला मशीनपाशी जाण्याआधी एका रजिस्टरमध्ये सही करावी लागते. सही येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा. पारबताबाई कधी शाळेत गेलेली नव्हती. पन्नाशीजवळ आली तेव्हा गावात साक्षरतेचा वर्ग निघाला, याच शाळेच्या व्हरांड्यात, आणि तिथं ती आपलं नाव लिहायला शिकली. बाकी वाचायला-लिहायला फारसं जमलं नाही, पण नाव पक्कं झालं. नंतर बँकेत, सोसायटीत, जिथं जिथं कागद पुढं आला तिथं तिनं सही केली. मग अंगठ्याची मशीन आली.

‘आता तिले कोनी सही माघतच नाई,’ विमल म्हणाली. ‘रेशनले अंगठा. निराधारच्या पगारले अंगठा. ब्यांकेत अंगठा. मशीनवर बोट ठेव बुढे, म्हनते, अन् सरक. एवढी एक शाळाच राह्यली होती. चार दिसापासून माह्या घरी पाटीवर गिरवून राह्यलती.’

ऑटो गेला. माझ्यासमोर रांग होती. मी चिठ्ठ्या लिहीत राहिले. दर दोन तासांनी किती मतदान झालं ते वर कळवायचं असतं, तेही कळवलं. पण दिवसभर एकच डोक्यात होतं. त्या दिवशी ओसरीवर तिनं विचारलं होतं, सही लागते का. आणि मी हो म्हणाले होते. तिनं माझ्या कागदावर सही केली ती कागदात काय आहे म्हणून नाही. कोणीतरी सही मागितली म्हणून. आणि त्याच सहीनं मी तिची शाळेतली सही घालवली होती.

आठ दिवसांनी मी तिच्या घरी गेले. वही नेली नाही. ती बाजेवर बसली होती. मी खाली बसले आणि म्हटलं, आजी, चूक माझी झाली, मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. ती पायाच्या घोट्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘म्या सांगतलं असतं तुले, मले शाळेतच येनं हाय म्हनून. पन तू बसलीच नाई त्या दिशी.’

त्यानंतर मी वहीतला ‘कळवलं’चा रकाना खोडला. त्याजागी लिहिलं ‘काय म्हणाले’. समोरच्याचे शब्द त्यात लिहायचे. शब्द नसतील तर रकाना रिकामा, आणि रिकामा रकाना म्हणजे पुन्हा जायचं. याला वेळ फार लागतो. माझं काम निम्म्यानं हळू झालं. तालुक्याच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा कोणी वहीत उतरवून घेतली नाही. पहिल्या वेळी माझी पद्धत सगळ्यांनी उतरवून घेतली होती.

पावसाळ्यात पारबताबाईला अर्धांगाचा झटका आला. हलकाच, पण उजव्या बाजूला. सेवाग्रामच्या दवाखान्यात आठ-दहा दिवस ठेवलं होतं. घरी आली तेव्हा बोलणं ठीक होतं, धरून धरून चालता येत होतं, पण उजवा हात साथ देत नव्हता. पेला धरला की सांडायचा.

दिवाळीच्या आगेमागे विधानसभा लागली. चौदापैकी आता बारा जण उरले होते. मी पुन्हा बारा-ड घेऊन निघाले. यावेळी दिवसाला दोनच घरं. पारबताबाईकडे रविवारी गेले, सुमेधची सुटी पाहून, आणि आधी बसले. दोन्ही बाजू सांगितल्या. घरून मत दिलं तर टीम निवांत थांबेल, घाई नाही, तिथंही कागदावर सही करता येते, कोणी मागून ढकलत नाही. शाळेत गेलात तर रांग आहे, पायऱ्या आहेत, चाकाची खुर्ची मिळेल पण आत गर्दी असेल. आणि घरून म्हटलं की मग शाळा नाही, हे तीनदा सांगितलं.

खरं म्हणजे यावेळी घरूनच योग्य होतं. मलाही तेच वाटत होतं.

ती म्हणाली, ‘शाळेत.’

सुमेध वैतागला. आजी, रांगेत पडलीस तर काय करायचं, असं तो बोलला आणि माझ्याकडे वळला की ताई, तुम्ही समजावून सांगा. मी म्हटलं, मग नकार असला तरी तुमची सही लागेल आजी, घरून नको म्हणून. ती माझ्या हातातल्या कागदाकडे पाहून म्हणाली, ‘तुह्या कागदावर आता माही सही नाई.’

मी कागदावर ‘मतदाराचा नकार’ लिहिलं, खाली सुमेधची सही घेतली. निघताना तो दारापर्यंत आला. पुन्हा म्हणाला, ताई, तुमचं सगळे ऐकतात, काहीतरी करा. मला माहीत होतं काय करता आलं असतं. म्हातारी कोणाचं ऐकते ते माझ्या वहीत होतं. विमलचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. एक फोन लावला असता, तर विमलनं संध्याकाळपर्यंत आईला घरून मत द्यायला तयार केलं असतं. इतकी वर्षं मी हेच केलं होतं. मी फोन लावला नाही.

पुढच्या पंधरा-वीस दिवसांत मी त्या गल्लीत तीन-चारदा गेले, दुसऱ्या कामांनी. एकदा सून पाणी भरत होती. मी विचारलं, कसं आहे. ती म्हणाली, ‘दिसभर मांडीवर बोट फिरवत राह्यते. मी म्हनतो, झोपा थोड्या. त मले म्हने, ता येऊन नाई राह्यला. ता वाकडा येते.’

मतदानाच्या दिवशी मी सकाळपासून त्यांच्याकडे निरोप पाठवला नाही. बाकीच्यांना पाठवले. दुपारी तीनला ते आले. सुमेध, विमल आणि चाकाच्या खुर्चीत म्हातारी. तेच पांढरं लुगडं किंवा तसंच दुसरं. मी चिठ्ठी आधीच लिहून ठेवली होती. ती पुढं केली. तिनं डाव्या हातानं घेतली, माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्ची उतारावरून आत गेली.

आतल्या कामाचा मला अंदाज आहे. पहिला कर्मचारी नाव वाचतो, दुसरा शाई लावतो आणि रजिस्टर पुढं करतो, तिसरा मशीन चालू करतो. एका माणसाला दोन मिनिटं पुरतात. मी घड्याळ पाहिलं नाही असं म्हणणार नाही. पाच मिनिटं झाली. आतून कोणी बाहेर आलं नाही. सात झाली. रांगेच्या शेपटीला कुजबुज सुरू झाली. कोणीतरी विचारलं, ‘मशीन बंद पडली का वो बाई?’ मी म्हटलं, नाही, चालू आहे, थांबा.

मी उठून उभी राहिले. आत जायचा मला अधिकार नव्हता. मला माहीत होतं, आता आत काय होऊ शकतं. बाहेर रांग, समोर थरथरता हात. कोणीही चांगला माणूस शाईची डबी पुढं सरकवेल आणि म्हणेल, आजी, राहू द्या, अंगठा द्या, लवकर होते. त्यात वाईट हेतू काहीच नसेल. मी ओसरीवर उभी होते तेव्हा माझाही नव्हता. तो तिचा हात धरेल, अंगठा डबीवर टेकवेल, रजिस्टरवर दाबेल. अर्धा मिनिट. ती नाही म्हणेल की नाही, म्हटलं तर कोणी ऐकेल की नाही, ते मला इथून कळणार नव्हतं.

नऊ मिनिटांनी खुर्ची दारात दिसली. विमल पुढं चालत होती, रडत होती की हसत होती ते उन्हात कळलं नाही. सुमेध खुर्ची सांभाळत उतारावरून येत होता. रांगेतल्या बायांनी वाट दिली. एकीनं म्हातारीला बोट दाखवायला सांगितलं, तसं सगळेच एकमेकांना सांगतात. म्हातारीनं डावा हात उचलून धरला. तर्जनीवर, नखाखाली उतरलेली शाई. बाया हसल्या.

सहीऐवजी अंगठा दिला की त्या अंगठ्यावर डबीची जांभळी शाई राहते. दोन दिवस जात नाही. खुर्ची माझ्या टेबलासमोरून गेली. ती थांबली नाही, मीही हाक मारली नाही. मी तिच्या वर धरलेल्या हाताचा अंगठा पाहत होते.

तो कोरा होता.